चिमणीचा वाटा आणि रानाचा वाटा



भारतानं २०२० सालचा हरितगृह वायूंचा हिशोब डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिला. त्यात देशाच्या एकूण उत्सर्जनापैकी ७५.६६ टक्के वाटा ऊर्जा क्षेत्राचा आहे. वीजघरं, कारखान्यांचे बॉयलर, रस्त्यावरच्या गाड्या, घरातली शेगडी हे सगळं त्यात आलं. शेतीचा वाटा १३.७२ टक्के. पण याच हिशोबातून नायट्रस ऑक्साइड तेवढा बाजूला काढला, की पारडं फिरतं. एकूण उत्सर्जनात हा वायू ५.१३ टक्के. त्यातला सिंहाचा वाटा शेतीचा, ऊर्जेचा त्या मानानं थोडका. जगाचंही तेच आहे. २०१० नंतरच्या दशकात माणसाच्या हातून जेवढा नायट्रस ऑक्साइड हवेत गेला, त्यातला ७४ टक्के शेतीतून गेला.

पाच टक्के म्हणून सोडून देण्यासारखा हा वायू नाही. शंभर वर्षांच्या हिशोबानं त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. हवेत तो शतकाहून जास्त टिकतो आणि वर चढून ओझोनचा थरही खातो.

मग एवढा कोळसा जाळूनही ऊर्जेचा वाटा लहान का? चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाची पूड करून जाळतात. त्या प्रचंड उष्णतेत नायट्रस ऑक्साइड तयार झाला तरी बराचसा तिथंच मोडतो. आठशे-नऊशे अंशांवर चालणाऱ्या फ्लुइडाइज्ड बेड भट्टीत मात्र तो तगतो, म्हणून तिथून जास्त सुटतो. आपल्या मलकापूरवरून जाणाऱ्या पुणे-बेंगळुरू महामार्गाचंही थोडं ऐका. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ निकष आला आणि मोठ्या ट्रकांना डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. त्या पाण्यातून निघणारा अमोनिया धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड मोडतो. हे काम चांगलंच आहे. पण त्याच प्रक्रियेत थोडा नायट्रस ऑक्साइड नव्यानं तयार होतो, आणि तो ऊर्जेच्या खात्यात पडतो.

युरियाचं मोठं गिऱ्हाईक मात्र महामार्गावर नाही, कृष्णा-कोयनेच्या काठावरच्या उसात आहे. तिथला हिशोब मला मुद्दाम मांडायचा आहे.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. म्हणजे एकरी १६० किलो, युरियात धरलं तर ४५ किलोची पावणेआठ पोती. दिलेल्या नत्रातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं उडतो, असा आंतरराष्ट्रीय ठोकताळा आहे. जमिनीप्रमाणे तो कमीजास्त होतो. त्या दरानं, नत्राला जोडलेल्या ऑक्सिजनचं वजन धरून, एका एकरातून अडीच किलो वायू गेला. कार्बन डायऑक्साइडच्या मापात हे सुमारे ६९० किलो होतात, म्हणजे अडीचशे लिटरच्या वर डिझेल जाळल्यासारखं.

आता त्याच एकरातला साठ टन ऊस गाळपाला गेला. त्याचा सतरा टनांच्या आसपास बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुगा, निघाला आणि तो सगळा बॉयलरमध्ये जळला असं धरू. भट्टीतून येणारा नायट्रस ऑक्साइड आंतरराष्ट्रीय दरानं अर्धा किलो भरतो. उसाच्या चिपाडाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, कारण तो उसानंच हवेतून घेतलेला असतो. नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. चिमणीतून अर्धा, रानातून अडीच. देशाचं जे चित्र, तेच आपल्या एका एकरात दिसतं.

पण या एकरातली वीज आणि इथेनॉल दोन्ही ऊर्जाच आहेत ना? पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आपण मिसळायला लागलो. त्यासाठी रानात टाकलेल्या युरियाचा वायू मात्र शेतीच्या खात्यात लिहिला जातो. त्यामुळे कागदावर ऊर्जेचा वाटा दिसतो त्याहून खरा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉल क्रुट्झेन या नोबेल मानकरी शास्त्रज्ञानं २००८ मध्ये सहकाऱ्यांसह हाच प्रश्न विचारला होता. नत्राचा एक टक्का नव्हे, तीन ते पाच टक्के शेवटी नायट्रस ऑक्साइड होतो, असा त्यांचा हिशोब होता. त्या मापानं मका आणि मोहरीवर्गीय पिकांचं इंधन नफ्याऐवजी तोट्यात गेलं. ऊस तरला. तो तरला याचा मला आनंद आहे, पण नत्र वारेमाप टाकलं तर तोही तरणार नाही.

रानात काय घडतं ते पाहा. मोठ्या बांधणीच्या वेळी सरीत युरिया विस्कटला, पाठोपाठ पाटानं पाणी सोडलं, सरी तुडुंब भरली. काळ्या जमिनीतली हवा कोंडली, की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. पैसा शेतकऱ्याचाच उडतो. वाफशावर, मातीआड, हप्त्याहप्त्यानं किंवा ठिबकमधून खत दिलं, तर हे नुकसान कमी होतं. कडुनिंबाचं आवरण दिलेला युरियाही त्यासाठीच आहे, कारण त्याचं नायट्रेट सावकाश होतं. बेण्याला ॲसेटोबॅक्टरची प्रक्रिया केली तर नत्र निम्म्यानं कमी करा, ही शिफारस आपल्याकडे आहेच. ऊस संशोधनाचं पाडेगाव केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात १९३२ पासून उभं आहे.

मीटर लावून चोवीस तास पाणी देणाऱ्या मलकापुरात मोजणीचं मोल वेगळं सांगायला नको. लागणीनंतर कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख लिहून घेतो. इथं बसलेल्या कारखान्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे, की येत्या वार्षिक सभेत ठराव मांडा आणि त्या नोंदीत आणखी दोन रकाने घाला: युरियाची पोती किती, आणि ती कोणत्या महिन्यात टाकली.