नावांची वही



शिष्यवृत्ती-अर्जाच्या शेवटच्या दिवशी आपल्या संगणक-कक्षात एकही संकेतस्थळ उघडेना. दोन मुलींना तुमसरहून बसने भंडाऱ्याला धाडून अर्ज भरावे लागले. तार शाबूत होती. अडला होता तो नावावरून अंकी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली ही व्यवस्था म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वहीच. आपण हे काम हिशेब, छपाई सांभाळणाऱ्या जुन्या संगणकावरच लादले होते.

आता त्यासाठी स्वतंत्र यंत्र बसविले आहे. नोंदी त्यात उतरवून, पडताळून, प्रत्येक संगणकाला नवा पत्ता देईपर्यंत जुना सर्व्हर चालू ठेवला. परंतु एकटे यंत्रही कधीतरी अडणारच; जोडीला दुसरे हवे. त्यासाठी हातभार लावा. अर्ज चुकला तर वर्ष मुलीचे जाते, यंत्राचे नव्हे.