मागची पाटी वाचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या आनंदाच्या दिवशी विजेसारखा रुक्ष विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु मुलगी-जावयाने अमेरिकेहून आणलेले एखादे यंत्र आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी असते, आणि ते प्रथम लावताना जीव धास्तावतो. म्हणून हे चार शब्द.

आपल्या घरची वीज २३० व्होल्ट दाबाची. अमेरिकेत हा दाब १२०, तर जपानात १०० व्होल्ट. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितके नळाला पाणी जोराने येते. विजेच्या दाबाचेही तसेच. आता १२० व्होल्टची, ९०० वॅटची इस्त्री आपल्या विजेवर लावली, तर ती दुप्पट तापेल असे वाटते. पण दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते! ती इस्त्री सुमारे ३३०० वॅट ओढू लागेल आणि जळून जाईल. घराला आग लागण्याचेही भय आहेच.

यावर उपाय सोपा आहे. यंत्राच्या मागे किंवा तळाशी एक पाटी असते. तीवर ‘इनपुट’ या शब्दापुढचे आकडे पाहावेत. १०० ते २४० असे लिहिले असेल, तर निर्धास्त असावे. फक्त पिना जुळवणारा अडॅप्टर लागेल. बहुतेक मोबाइलचे चार्जर असेच असतात. नुसते १२० लिहिले असेल, तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याची वॅटची ताकद यंत्राहून अधिक हवी. अडॅप्टर पिना बदलतो, दाब बदलत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

तिसरा प्रकार खटक्याचा. काही जुन्या संगणकांच्या मागे वीजपुरवठ्याच्या पेटीवर लहानसा लाल खटका असतो. त्यावर ११५ आणि २३० हे आकडे असतात. येथे २३० दिसले पाहिजे. खटका ११५ वर राहिला, तर बटण दाबताच आतले भाग फुटतात, धूर निघतो. उलट, तोच २३० वर ठेवून अमेरिकेत लावला, तर संगणक बहुधा नुसता सुरू होत नाही. खटका सरकवायचा तो मात्र भिंतीतली पिन काढूनच.

भगिनींनो, मिक्सर, इस्त्री, ओव्हन ही यंत्रे बहुतेक घरांत आपणच चालवतो. मग पाटी वाचण्यासाठी घरातले पुरुष संध्याकाळी परतण्याची वाट का पाहावी? त्यात विद्वत्तेचे काही नाही. डाळ निवडताना खडा पाहावा, तसे दोन आकडे पाहायचे. आकडा नीट दिसला नाही किंवा पाटी पुसली गेली असेल, तर अंदाजाने पिन लावू नये. जाणत्या वायरमनला दाखवावे.

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने निदान एका यंत्राची पाटी वाचावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.