घरचे ताट आणि मध्यममार्ग

(मोरिवली येथे समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 

आजच्या विषयासाठी एखाद्या डॉक्टरांना बोलवावे, असे मी कार्यकर्त्यांना सुचवले होते. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत. पण कार्यकर्ते म्हणाले, "डॉक्टर आजार सांगतील, तुम्ही हिशेब सांगा." म्हणून मी हिशेबच मांडणार आहे.

बँकेच्या काउंटरवरून माणसाच्या संसाराची एक वेगळी बाजू दिसते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला माणूस येतो. कारण विचारावे लागत नाही. हातातली दवाखान्याची फाईल ते सांगत असते. आपल्या समाजात पहिली पिढी कारखान्यात आणि रेल्वेत राबली, दुसरी शिकून नोकरीला लागली. या दोन पिढ्यांनी जमवलेले चार पैसे तिसऱ्या पिढीच्या शिक्षणाला लागण्याऐवजी साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या आजारात जाऊ लागले, तर ते नुकसान एका घराचे राहत नाही. ते चळवळीचे नुकसान आहे. म्हणून हा विषय स्वयंपाकघराचा असला तरी क्षुल्लक नाही.

दोन आकडे सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दुसरा आकडा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे एकाच घरात एकाच्या रक्तात साखर जास्त आणि दुसरीच्या अंगात रक्त कमी. दोघांचे ताट मात्र एकाच चुलीवरून येते.

बंधू-भगिनींनो, आपल्या चळवळीत अन्नाचा प्रश्न नवा नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच आपल्या ताटाबद्दलही बजावले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारोदार मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर जगू नका, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले. उपास काढले, पण मागितलेला तुकडा नाकारला. स्वतःच्या कष्टाची भाकरी आणि तिच्यावरचा कोरड्यास हा त्यांच्या स्वाभिमानाचा पहिला घास होता. त्या काळी आपल्या लोकांच्या चुलीवर काय शिजत होते, हे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्याच्या संदर्भात नोंदवले आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. आज ती लाचारी उरलेली नाही. पण ज्या घराने शिळा तुकडा नाकारला, त्याच घरात आज सकाळचा नाश्ता पुडीतून आणि रात्रीचे जेवण गाडीवरून येत असेल, तर थोडे थांबून विचार केला पाहिजे.

भगवान बुद्धांनी या विषयावर काय सांगितले? संयुक्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची हकिकत आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण करी. असाच एकदा भरपेट जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही की काढा दिला नाही. जो माणूस भानावर राहून, मात्रा ओळखून जेवतो, त्याचे दुखणे कमी होते आणि आयुष्य जपले जाते, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली. रोज जेवणाच्या वेळी ती म्हणायची आणि त्याबद्दल दररोज 100 कार्षापण घ्यायचे, असे ठरले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आले आणि त्याचे अंग हलके झाले.

या कथेत तीन गोष्टी आहेत. पहिली, राजाने सवय एका दिवसात मोडली नाही, हळूहळू बदलली. दुसरी, त्याने आठवण करून देणारा माणूस नेमला. तिसरी, ताटावर बसताना भान ठेवले. आपल्या घरी 100 कार्षापण देण्याची गरज नाही. शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगा, "बाळा, आजोबांनी दुसऱ्यांदा मीठ घेतले की मला हटक." असा एक सुदर्शन प्रत्येक घरात असावा.

मात्र याचा अर्थ शरीराला छळणे नव्हे. सिद्धार्थ गौतमाने देह हाडांचा सापळा होईपर्यंत उपास केले, त्यातून काही साधत नाही हे ओळखले आणि सुजाताची खीर स्वीकारली. अति खाणे नको आणि अति उपासही नको. ताटातला मध्यममार्ग तो हाच.

आता हिशेबाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चार माणसांचे घर धरले तर महिन्याला 600 ग्रॅम. यात लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांतले मीठही आले. तुमच्या घरात मिठाची किलोची पिशवी किती दिवस पुरते, ते आज घरी गेल्यावर पाहा. तेल माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला 3 किलो. साखरही वरून घातलेली 25 ग्रॅमच्या आत ठेवायची म्हटली, तर चौघांना महिन्याला 3 किलोच्या आत, आणि त्यातच गूळ व बाहेरचे गोडही धरायचे.

चहाचा हिशेब तर फारच बोलका आहे. दिवसाला पाच कप, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, चमचा 4 ग्रॅमचा धरला तर दिवसाला 40 ग्रॅम झाली. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, वर्षाला चौदा किलोहून जास्त. ही एका माणसाची नुसत्या चहातली साखर. दोन चमच्यांचा एक केला आणि पाच कपांचे तीन केले, तर 40 चे 12 ग्रॅम होतात. त्यासाठी औषध लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

घरचे अन्न म्हणजे महागडे अन्न, असा गैरसमज आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, कुळथाचे पिठले, मटकीची उसळ, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याची पाने, सुकट, जवळा, अंडे. आपल्या आयांनी यावरच आपल्याला वाढवले. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि तेही भारताच्या प्रस्तावावरून. ज्या नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून बाजूला सारले, तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. आजाऱ्याला आपण भाताची पेज देतो. तिला पाली ग्रंथांत यागू म्हटले आहे. ती भूक-तहान भागवते, पचनाला मदत करते आणि बळ देते, असे तथागतांनी तिचे दहा गुण सांगितले आहेत.

भगिनींसाठी एक साधी गोष्ट. पालेभाजी, कडधान्य किंवा सुकट खाताना वर लिंबू पिळावे, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा मात्र घेऊ नये, कारण चहा ते लोह अडवतो. तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. आणि रक्त फारच कमी असेल तर नुसत्या भाजीवर न थांबता तपासणी करून गोळ्या घ्याव्यात.

घरचे सगळेच चांगले, असेही मी म्हणणार नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळलेली घरची भजी बाहेरच्या भज्यांइतकीच वाईट. आपल्या भागात रासायनिक कारखाने आहेत, वालधुनी नदीची अवस्था आपण रोज पाहतो. सांडपाण्याच्या कडेला वाढलेली भाजी घेऊ नये. घेतलेली भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि नळाच्या पाण्याची शंका आली तर ते उकळून प्यावे.

आता बांधवांना एक प्रश्न विचारतो. हे घरचे अन्न करणार कोण? पहाटेची लोकल पकडायची म्हणून घरातली बाई चार वाजता उठते, सगळ्यांचे डबे भरते, स्वतः उरलेसुरले खाते आणि कामाला जाते. घरच्या अन्नाचा उपदेश म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणे असेल, तर असा उपदेश आपल्या धम्मात बसत नाही. भिक्खू आपले भिक्षापात्र स्वतः धुतो. मग आपण आपले ताट का धुऊ नये? रात्री भाजी निवडणे, कडधान्य भिजवणे, कणीक मळणे ही कामे मुलगा आणि नवरा करू शकतात. आणि घरातल्या बाईने सर्वांच्या शेवटी नव्हे, सर्वांबरोबर जेवावे. समता प्रथम आपल्या स्वयंपाकघरात आली पाहिजे.

दिनचर्येबद्दल थोडेसे. तथागत चंक्रमण करीत, म्हणजे चालत. चालण्याचे पाच फायदे त्यांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवासाचे बळ येते, प्रयत्नाचे बळ येते, आजार कमी होतो, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. पाळीवर जाणाऱ्याला सकाळ मिळत नसेल तर त्याने रात्री जेवणानंतर अर्धा तास चालावे. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत गेले तरी तेच पुण्य, शिवाय पैसे वाचतात. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवावे. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून औषधही बंद करू नये.

पंचशीलातील पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दारुड्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, इतक्या कठोर शब्दांत सांगितले होते. तंबाखू, गुटखा आणि मशेरीही त्याच रांगेतली. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पण मशेरीचा डबा आपल्याच घरातल्या फळीवर असतो. तो काढायला कायदा येणार नाही, तो आपल्यालाच काढावा लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, 300 मिलिलिटर शीतपेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते. दिवसभराची मर्यादा एका बाटलीत संपली! त्याऐवजी खिशात मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा. उपाशीपोटी अभ्यासिकेत बसू नका आणि परीक्षेच्या नावाखाली झोप मोडू नका. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती त्यांची निवड नव्हती, ती परिस्थिती होती. पुढच्या पिढीवर ती वेळ येऊ नये म्हणूनच त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे स्वतःचे शरीर मधुमेह आणि सांधे-नसांच्या दुखण्याने पोखरले होते. 1948 पासून माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचा आहार आणि औषधे सांभाळत. तशाही स्थितीत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून काढला. 6 डिसेंबर 1956 रोजी, वयाच्या अवघ्या 65 व्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच ते आपल्यातून गेले. त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ते समाजासाठी झिजले. आपण मात्र जिभेसाठी झिजत आहोत.

शेवटी तीन गोष्टी सुचवतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तिशीनंतरच्या या तपासणीचा सरकारी कार्यक्रमच आहे. घरातल्या मीठ, तेल, साखरेचा महिन्याचा हिशेब एका वहीत लिहावा. आणि संस्थेच्या कार्यक्रमांत बुंदी-फरसाणाऐवजी उसळ, भाकरी, केळी द्यावीत, अशी कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. सुरुवात आपल्या संस्थेपासूनच व्हावी.

आरोग्य हा सर्वात मोठा लाभ, असे तथागत सांगून गेले. बँकेतला माणूस म्हणून मी एवढीच भर घालतो, की या लाभाचे खाते रोज थोडे थोडे भरावे लागते. ते एकदम भरता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावेही करता येत नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!