झोपलेल्या विषाणूला जाग कशी येते



घरातल्या कुणा ना कुणा वडीलधाऱ्याला नागीण झालेली तुम्ही पाहिली असेल. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो चेतापेशींत वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो आणि उतारवयात एके दिवशी अंगावर फोडांची रांग उठवतो. हर्पीस कुळातले सगळेच विषाणू असे, एकदा शिरले की जन्मभर राहणारे. त्यांतल्या दोघांचा कर्करोगाशी थेट संबंध आहे. एक कापोसी सार्कोमाचा विषाणू आणि दुसरा एपस्टाइन-बार, म्हणजे ईबीव्ही. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात ईबीव्ही आहे. या सभागृहातही बहुतेकांच्या शरीरात तो असणार, आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होणार नाही.

मग थोड्यांनाच का होतो? या प्रश्नाची वाट विषाणूच्या झोपेतून आणि जागेपणातून जाते.

१९६१ साली डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यानाला आले. आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींबद्दल ते बोलले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. या गाठींमागे विषाणू असावा असे त्यांच्या मनाने घेतले आणि कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ एपस्टाइन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. विषाणूचा मागमूस नव्हता.

१९६३च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले. नमुना उशिरा पोहोचला तेव्हा बाटलीतले पाणी गढूळ झाले होते. जंतू शिरले, नमुना वाया गेला, असेच कुणालाही वाटले असते. एपस्टाइन यांनी एक थेंब काचपट्टीवर घेतला. तो गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. याआधी या गाठींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न फसले होते. आता इव्होन बार यांच्यासोबत त्यांनी त्या तरंगत ठेवूनच वाढवल्या. १९६४च्या फेब्रुवारीत त्या पेशींमध्ये हर्पीस विषाणूचे कण स्पष्ट दिसले. त्या शोधनिबंधावर आणखी एक नाव होते, बर्ट अचाँग यांचे. त्रिनिदादहून आलेल्या या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञाचे नाव विषाणूला मिळाले नाही, म्हणून ते इथे मुद्दाम घेतो.

जे दोन वर्षे दिसले नाही ते तेव्हाच का दिसले? गाठीत विषाणू झोपलेला असतो. त्या अवस्थेत त्याचे कण तयारच होत नाहीत, मग सूक्ष्मदर्शकाला दिसणार काय? प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींपैकी मोजक्या पेशींत मात्र तो आपणहून जागा होतो. एपस्टाइन यांना दिसल्या त्या याच मोजक्या पेशी.

झोपेत विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात कड्यासारखा पडून असतो. ईबीएनए-१ नावाचे प्रथिन त्याला गुणसूत्राला बांधून ठेवते, त्यामुळे पेशी दुभंगली की विषाणूही दोन्हीकडे वाटला जातो. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींमागे जेमतेम १ ते ५० पेशींत तो सापडतो. जवळजवळ सगळी जनुके बंद असल्याने आपल्या प्रतिकारशक्तीला ओळखायला फारसे काही उरत नाही.

जाग आणणारे मुख्य प्रथिन म्हणजे झीटा. १९८५ साली येल विद्यापीठात कंट्रीमन आणि मिलर यांनी दाखवले, की विषाणूच्या डीएनएचा एक लहानसा भाग पुरतो आणि झोपलेला विषाणू उठतो. त्या भागातले बीझेडएलएफ-१ हे जनुक झीटा बनवते.

इथे मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगायची आहे. पेशी परक्या डीएनएवर मिथाइल गट चढवते आणि जनुके गप्प करते, हे तुम्ही पुस्तकात शिकलात. विषाणूचा डीएनए पेशीत शिरतो तेव्हा त्यावर मिथाइल नसतात. ते पुढच्या काही आठवड्यांत चढतात आणि विषाणू निद्रिस्त होतो. पण झीटा नेमका मिथाइल चढलेल्या जागांना अधिक घट्ट चिकटतो. पेशीने लावलेल्या कुलपालाच विषाणूने किल्लीची खाच बनवले आहे. म्हणूनच नव्याने शिरलेला विषाणू लगेच भराभर वाढू शकत नाही. आधी त्याला झोपावेच लागते.

झीटाला चालना कोण देते? आपली पेशीच. बी पेशीला तिचा प्रतिजन भेटला आणि ती प्रतिपिंडे बनवणारी प्लाझ्मा पेशी होऊ लागली, की त्याच बदलाचे संकेत विषाणूलाही उठवतात. घशातल्या टॉन्सिलमध्ये हे घडते आणि नवे कण लाळेत उतरतात.

पूर्ण जागा झालेला विषाणू पेशीला मारतो. त्यामुळे गाठीला त्याची झोपच सोयीची असते. पण अर्धवट जाग धोक्याची. सुरुवातीच्या टप्प्यातली काही प्रथिने आसपासच्या पेशींना वाढीचे संदेश देतात. कापोसी सार्कोमात हे ठळकपणे दिसते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गॅनसायक्लोव्हिर घेणाऱ्या एड्सच्या रुग्णांमध्ये त्या कर्करोगाचा धोका बराच घटलेला आढळला. या औषधाला जागृत विषाणूचेच एन्झाइम कार्यान्वित करते, झोपलेल्यावर ते चालत नाही. त्यातूनच एक उलटी वाटणारी कल्पना पुढे आली, की गाठीतल्या विषाणूला आपणच मुद्दाम जागे करायचे आणि मग हे औषध द्यायचे. अडचण अशी, की एकाच बाटलीतल्या, एकाच वंशाच्या पेशींना जागे करणारे तेच रसायन दिले तरी काही उठतात आणि बाकीच्या झोपूनच राहतात. हा फरक कशाने पडतो, याचे पुरते उत्तर अजून कुणाकडे नाही. तुमच्यापैकी जे संशोधनात राहणार आहेत त्यांनी हा प्रश्न घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आणि जे वॉर्डात जाणार आहेत त्यांनाही एक सांगणे आहे. आपल्या देशातल्या मुलांच्या हॉजकिन लिंफोमात ईबीव्ही फार मोठ्या प्रमाणात सापडतो. तरी कित्येक ठिकाणी ‘ईबर’ ही चाचणी मागितलीच जात नाही. गाठीच्या जतन केलेल्या तुकड्यावर ती करता येते आणि झोपलेला विषाणूही तिच्यात दिसतो, कारण झोपेतही तो ‘ईबर’ नावाचे आरएनए बनवत असतो. लिंफोमाचे मूल समोर आले की विकृतिशास्त्र विभागाला फोन करा, ती चाचणी मागा, निष्कर्ष केसपेपरवर लिहा आणि उरलेला मेणाचा ठोकळा नीट क्रमांक घालून जपून ठेवायला सांगा.