तारा लावायच्या की थांबायचं?

(आपल्या दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘एआयमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार’ यावर बोल म्हटलं होतं. त्याचं उत्तर मला येत नाही, आणि जे येतं म्हणतात त्यांनाही येत नाही असं माझं मत आहे. म्हणून मी विषय बदलून घेतला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभरात चार जणांनी एकच प्रश्न विचारला: डॉक्टरांनी मुलाच्या दातांना तारा लावायला सांगितल्यात, लाखाच्या वर खर्च आहे, खरंच गरज आहे का? उत्तरंही दरवेळी तीच. एक गट म्हणतो, ‘लावून टाक, पोरीच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे लुटून राहिले, काही करू नको.’ पोरीच्या तोंडात दोघांनीही पाहिलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण माझ्या मुलीच्या दातांमागे मी पाच वर्षं फिरले आहे, आणि आमच्या धंद्यातली एक सवय तिथे कामी आली. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की आम्ही विचारतो, हा आज दुरुस्त केला नाही तर काय बिघडेल? काही दोष वर्षभर तसेच राहिले तरी कुणाचं काही अडत नाही. काही मात्र आज रात्रीच पाहावे लागतात. दातांचंही तसंच आहे. दात वाकडा आहे हे आपल्यालाही दिसतं. डॉक्टरांना विचारायचं ते हे, की एक वर्ष थांबलो तर काय नुकसान होईल?

मुलगी आठ वर्षांची होती. वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये चांगली फट होती आणि बाजूचे दोन दात पंख्यासारखे बाहेर कललेले होते. एका क्लिनिकमध्ये नेलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्यांनी तोंडात कॅमेरा फिरवला आणि पडद्यावर तिचे दात सरळ होत जाताना दाखवले. मग दोन टप्प्यांची योजना सांगितली, आत्ता एक टप्पा आणि बाराव्या वर्षी दुसरा, मिळून १ लाख ४० हजार. आज नाव नोंदवलं तर दहा टक्के सूट. सूट म्हटल्यावर मी उठलेच. साडीच्या सेलमध्ये सूट समजते, पण आठ वर्षांच्या मुलीच्या जबड्याला आजच्या आज कसली सूट?

दंत महाविद्यालयात दुसरं मत घेतलं. तिथल्या मॅडमनी हिरडीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की या वयात असं दिसणं नेहमीचं आहे. डॉक्टर याला ‘अग्ली डकलिंग’ म्हणतात, म्हणजे कुरूप पिल्लाची अवस्था. सात ते अकरा-बारा वर्षांच्या दरम्यान वरचे कायमचे सुळे हाडातून खाली सरकत असतात. ते शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात, त्यामुळे दात बाहेर कलतात आणि मध्ये फट पडते. सुळे उतरले की बहुतेक मुलांची फट आपोआप बुजते किंवा बरीच कमी होते. ‘काही करू नका, दर सहा महिन्यांनी दाखवा,’ एवढंच त्या म्हणाल्या.

‘काही करू नका’ एवढंच ऐकून घरी बसायचं नसतं. ‘दर सहा महिन्यांनी दाखवा’ हाही त्या सल्ल्याचाच भाग आहे. साडेदहाव्या वर्षी डावीकडच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीत हाताला लागत होता, उजवीकडे काहीच लागेना. एक्स-रे काढला तर उजवा सुळा टाळूच्या बाजूला भरकटलेला दिसला. असा सुळा तसाच राहिला तर शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. पुढे तो शस्त्रक्रियेने उघडा करून ताराने ओढून आणावा लागतो, आणि तो खर्च खरोखर मोठा असतो. इथे वेळेत लक्षात आलं म्हणून फक्त दुधाचा सुळा काढला. स्वीडनमधला १९८८ चा एक अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. अशा ४६ सुळ्यांपैकी ७८ टक्के, नुसता दुधाचा सुळा काढल्यावर, आपल्या वाटेवर आले. आमचाही आला. त्या एका दातासाठी आलेला खर्च आज हॉलबाहेर लावलेल्या गाड्यांच्या पेट्रोलएवढाही नसेल.

एकाच मुलीच्या बाबतीत लाखाचं काम गरजेचं नव्हतं आणि किरकोळ पैशांचं काम अत्यंत गरजेचं होतं. म्हणून ‘सगळे लुटतात’ म्हणणाऱ्या गटातही मी नाही.

थांबू नये अशा गोष्टी मी विचारून विचारून लिहून ठेवल्या आहेत. वरचा एखादा पुढचा दात खालच्या दातांच्या मागे अडकला असेल तर खालच्या दाताची हिरडी झिजते. दात मिटताना मुलाचा जबडा एका बाजूला सरकत असेल तर तसं वाढू देऊ नये. एक पटाशीचा दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीदार आला नाही, तर आत जादा दात अडलेला असू शकतो. खालचा जबडाच पुढे वाढत असेल तर लवकर दाखवावं. कायमचे दात येऊनही अंगठा चोखणं सुटत नसेल तरी दाखवावं. दात फार पुढे असलेलं, सारखं पडणारं-धडपडणारं मूलही यातच येतं. दात पुढे असणाऱ्या मुलांवर लवकर आणि मग पुन्हा असे दोनदा उपचार करणं आणि किशोरवयात एकदाच करणं, यांची तुलना करणारे अभ्यास कोक्रेन या संस्थेने एकत्र तपासले आहेत. लवकर केल्याचा एकच ठोस फायदा दिसला, तो म्हणजे पुढच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण कमी झालं. दातांची शेवटची ठेवण मात्र दोन्हींत जवळपास सारखीच होती. त्यामुळे तुमचा मुलगा रोज सायकलवरून आपटत असेल तर लवकर करण्याला अर्थ आहे. नसेल तर दोन टप्प्यांचे पैसे कशासाठी, हे विचारा.

अमेरिकेतली ऑर्थोडोंटिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्या म्हणते. ते योग्यच आहे. पण तपासणी सातव्या वर्षी म्हणजे उपचारही सातव्या वर्षी, असा त्याचा अर्थ नाही.

दुधाच्या दातांविषयी आपल्या आयांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘दुधाचेच तर आहेत, पडणारच.’ ते अर्धंच खरं आहे. दुधाची मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. पाचव्या वर्षी ती किडली आणि काढून टाकली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, खालच्या दाताची जागा खाते, आणि तारांची गरज आपणच तयार करतो. म्हणून पाच वर्षांच्या मुलाची ती दाढ वाचवण्यासाठी पैसे मागितले तर ते रास्त असू शकतं. साडेदहा वर्षांच्या मुलाच्या हलत्या दाढेला रूट कॅनाल आणि कॅप सांगितली, तर मात्र एक्स-रे दाखवा म्हणा. मूळ किती उरलंय आणि खालचा दात किती वर आलाय, हे त्यात तुम्हालाही दिसेल. आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे अनेकांना ती दुधाचीच वाटते. ती जन्मभराची आहे. तिच्या खाचांत सीलंट भरून घेणं हे या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत स्वस्त आणि शहाणपणाचं काम वाटतं.

आता मोजमाप. ब्रिटनमध्ये १९८९ साली ब्रूक आणि शॉ या दोघांनी तारांची गरज मोजायची एक पट्टी तयार केली, एक ते पाच श्रेणींची. तिथली सरकारी आरोग्यसेवा अठरा वर्षांखालच्या मुलांना चौथ्या आणि पाचव्या श्रेणीसाठी फुकट तारा लावते, तिसऱ्या श्रेणीत दिसण्यात फारच दोष असेल तरच. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरच्या वर पुढे असतील तर चौथी, ९ च्या वर असतील तर पाचवी. साडेतीन ते सहाच्या मधले असतील आणि ओठ सहज मिटत असतील तर दुसरी. हाडात अडकलेला दात पाचवीत. आपल्याकडे सरकार पैसे देत नाही आणि आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचं काम बहुधा बसतच नाही. पण मोजमापाला कोण अडवतंय? ‘दात पुढे आहेत’ असं कुणी म्हटलं की विचारा, किती मिलिमीटर? चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही, उलट पट्टी काढतो.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पाच मिलिमीटर, ओठ नीट मिटतात, खालच्या दातांत थोडी गर्दी. म्हणजे दुसरी श्रेणी. ‘वाकडे दात म्हणजे किडणारच’ असंही मला ऐकवलं गेलं, पण घासणं नीट असेल तर नुसत्या गर्दीने कीड वाढते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उलट तारा लावलेल्या दीड-दोन वर्षांत घासणं नीट झालं नाही तर दातांवर पांढरे डाग पडतात, ते कायमचे. रोज रात्री ‘घासलेस का’ विचारावं लागणाऱ्या मुलाला तारा लावण्याआधी याचा विचार करा.

मग दिसण्यासाठी तारा लावायच्याच नाहीत का? असं मी म्हणणार नाही. आपल्या वर्गात एकाला ‘खवणी’ म्हणायचे. तो इथेच बसलाय आणि हसतोय, पण तेव्हा हसत नव्हता. दहावीच्या ग्रुप फोटोत आपली एक मैत्रीण तोंडावर हात ठेवून उभी आहे, स्मरणिकेत तो फोटो आहेच. पट्टीवर तिची श्रेणी दुसरीच आली असती. त्या मुलीला गरज नव्हती असं मिलिमीटर मोजून मी कोणत्या तोंडाने सांगू? दिसणं हे कारण खरं आहे. फक्त त्याला दिसणंच म्हणावं. ‘नाहीतर जबडा खराब होईल, डोकं दुखेल’ अशी भीती घालून ते विकू नये आणि आपणही घेऊ नये. कारण दिसण्याचं असेल तर घाई नसते. पैसे साठवता येतात, पंधराव्या किंवा पंचविसाव्या वर्षीही करता येतं, आणि मुख्य म्हणजे मुलाला विचारता येतं. मी विचारलं. ती म्हणाली, ‘आत्ता नको, पुढे वाटलं तर सांगीन.’ तिच्या आजीला हे अजिबात पटलेलं नाही. असो.

माझ्या क्षेत्राबद्दल दोन शब्द. पारदर्शक अलाइनरच्या जाहिरातीत पडद्यावर दात सरळ होताना दिसतात, ते ॲनिमेशन आमच्यासारखे लोक बनवतात. पडद्यावरचा दात सांगाल तिथे सरकतो. तोंडातला दात हाडातून सरकतो, आणि हाड आमचा कोड वाचत नाही. योजलेल्या हालचालीपैकी प्रत्यक्षात किती झाली हे अमेरिकेत मोजलं गेलं आहे: २००९ च्या अभ्यासात सरासरी ४१ टक्के, २०२० च्या अभ्यासात ५० टक्के. म्हणून मध्येच नवे साचे करावे लागतात. अलाइनर वाईट नाहीत, पण तो व्हिडिओ म्हणजे हमी नव्हे. घरपोच अलाइनर विकणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. मुलाच्या तोंडात प्रत्यक्ष पाहणारा, एमडीएस ऑर्थोडोंटिक्स झालेला माणूस आपल्या शहरात असावा, एवढी अट मी तरी घालीन.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. ती कीड नव्हे आणि त्यावर तारांचा उपयोग नाही. डाग वरवरचे असतील तर घासून किंवा ब्लीच करून फिके करता येतात. चांगल्या दातांना तासून कॅप बसवणं हा पहिला उपाय असू नये. पुढच्या दातांवर हे डाग पडतात ते लहानपणी, दात आत तयार होत असताना प्यालेल्या पाण्याने. त्यामुळे तिकडे लहान मूल असेल तर पैसे आधी पाण्यावर खर्च करा. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं भारतीय मानक सांगतं.

दुसरं मत घेण्याच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. हिंगणा रोडला डिगडोह आणि वानाडोंगरी इथे आणखी दोन कॉलेजं आहेत, आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेला एक. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, फेऱ्या होतात, शाळा बुडते. पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो, आणि दिवसाला किती तारा लागल्या यावर कुणाचं घर चालत नसतं. जाताना जुने एक्स-रे न्या. खासगीत काढलेला एक्स-रे तुमच्या पैशाचा आहे, मागून घ्या. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका, आधी त्यांना पाहू द्या. आणि खर्रा खाणाऱ्या मित्रांनो, मुलाला घेऊन जालच तर स्वतःचंही तोंड उघडून दाखवा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर मुलाच्या तारांआधी तुमचा नंबर लावा.

तारा लावायचं ठरलंच, तर रिटेनरचं आधी विचारून घ्या. तारा निघाल्यावर दात जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रिटेनर बरीच वर्षं घालावा लागतो. तो हरवतो, डब्याबरोबर कॅन्टीनच्या कचऱ्यात जातो. नवीन केवढ्याला, ते लाखाच्या आकड्यात धरलंय की वेगळं, हे कागदावर लिहून घ्या.

बाकीचे प्रश्न जेवणाच्या रांगेत विचारा. मोबाइलवरचे एक्स-रे मात्र मला दाखवू नका, मला त्यातलं काही कळत नाही.