दिवा कोणाच्या डोक्यावर?



१४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड अशा गावांतून निःशस्त्र माणसे पालघरच्या कचेरीवर चालत आली. गोळीबारात काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच वीर हुतात्मा झाले. समोर बंदुका असताना पाऊल पुढे टाकण्याचे बळ एका दिवसात येत नाही. त्यामागे देशाने अनेक वर्षे केलेली साधना असते. तिचे एक दर्शन त्याआधी बारा वर्षे, याच किनाऱ्यावर उत्तरेस असलेल्या दांडीच्या वाटेवर घडले होते.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले. त्यांचे वय तेव्हा ६० वर्षे होते. २४ दिवसांत सुमारे ३९० किलोमीटर अंतर कापायचे होते. पहाटे चारला उठणे, प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ दोन टप्प्यांत चालणे, रोज सूतकताई आणि दैनंदिनीलेखन असा नेम होता. सोमवारी विश्रांती असे. प्रत्येकाचे ओझे प्रत्येकाच्याच खांद्यावर. यात्रेत पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे होते. दिवसभराच्या श्रमानंतर त्यांच्या भजनांनी थकल्या जिवांना उभारी येई.

परंतु या शिस्तीलाही तडा गेला. सुरतेनजीक भटगाम येथे २९ मार्चच्या सुमारास गांधीजींच्या ध्यानी आले की, यात्रेसाठी सुरतेहून दूध मागविले जात आहे, भाजी मोटारीने येत आहे. रात्रीच्या वाटेवर उजेड असावा म्हणून एक गरीब मजूर डोक्यावर जड दिवा घेऊन चालत होता आणि त्याला भरभर चालण्यास सांगितले जात होते. गांधीजी व्यथित झाले. व्हाइसरॉयच्या भरमसाट वेतनावर टीका करणाऱ्यांनी गरिबाच्या डोक्यावर असा भार कसा द्यावा? भर सभेत त्यांनी स्वतःची आणि सहकाऱ्यांची कठोर झडती घेतली. चूक झाकली असती तर यात्रा चालूच राहिली असती. पण तिचे तेज उरले नसते. ६ एप्रिलला उचललेल्या मूठभर मिठाला जे मोल आले, त्यात त्या रात्रीच्या आत्मपरीक्षणाचाही वाटा आहे.

आज बोईसर-तारापूरच्या रस्त्यांवरून पदयात्रा निघते, तेव्हा आपण माणसे मोजतो, फलक मोजतो. मुक्कामाच्या गावी पहाटे उठून अंगण कोणी झाडले? मागे राहिलेली पत्रावळ कोणी उचलली? आपल्या यात्रेचा स्वयंपाक करणारी माउली जेवली काय? हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. घोषणा कानापर्यंत पोहोचते, आचरण मनापर्यंत जाते.

म्हणून हुतात्मा स्तंभापुढे मस्तक नमविताना प्रत्येकाने एवढेच पाहावे की, आपल्या वाटेवरचा दिवा कोणाच्या डोक्यावर आहे. तो दुसऱ्याच्या डोक्यावर असेल, तर तो आपल्या हाती घ्यावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.