सवलतींची बेरीज

येवल्याचें नांव निघालें कीं पैठणी डोळ्यांपुढें येते. परंतु पहाटे धांवण्याचा सराव करणाऱ्या तेथील तरुणांचें लक्ष पोलीस भरतीकडे असतें. शिपाई पदासाठीं पुरुषांस १६०० व स्त्रियांस ८०० मीटर धांवावें लागतें. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकीं २० गुण या धांवेचे. अशा घरांत बुटांची किंमत हा किरकोळ प्रश्न नव्हे.

समजा, जोड ३,००० रुपयांचा आहे. दुकानाची सवलत २० टक्के, बँकेच्या कार्डाची १० टक्के, वर ५ टक्के कॅशबॅक. ग्राहक मनांत ३५ टक्के धरतो. हिशेब मात्र निराळा आहे. पहिल्या सवलतीनंतर २,४०० रुपये उरतात. दुसरी या रकमेवर मिळते, म्हणून २,१६०. त्यावर कॅशबॅक १०८. एकूण बचत ९४८ रुपये, म्हणजे ३१.६ टक्के. शिवाय कॅशबॅक मागाहून येतो. आज २,१६० रुपये मोजावेच लागतात. तो पुढील खरेदीपुरताच असेल, तर ती बचत नसून नव्या खर्चाचें आमंत्रण होय.

म्हणून सवलती एकत्र लागू होतात काय, त्यांस कमाल मर्यादा किती, हें आधीं विचारावें. त्याहीपूर्वीं पायाचें माप पाहावें. पायास न बसणारा जोड अर्ध्या किंमतींत मिळाला तरी महागच पडतो.